मदतीचा रकाना

"बावीस," बायको म्हणाली आणि कप पुसत राहिली.

प्रश्न मुलीचा होता. आठवा महिना लागलेली मुलगी तपासणीला जाता जाता आईबापांकडे डोकावली होती. खुर्चीत तिरकी बसून, पाय लांब करून ती चहा पीत होती, आणि घड्याळात किती वाजले विचारावं इतक्या सहज तिने विचारलं होतं, "आई, माझ्या वेळी तुला किती वेळ लागला गं?" उत्तर खरं तर तो देणार होता. गेली एकतीस वर्षं हे उत्तर तोच देत आला होता. 'दोन तास. फार तर सव्वादोन. काही म्हणजे काही त्रास नाही.' पाहुण्यांत, शेजाऱ्यांत, बायकोच्या देखत आणि बायकोच्या माघारी त्याने ते इतक्यांदा सांगितलं होतं की त्या दोन तासांना आता घरातल्या जुन्या कपाटासारखी जागा मिळाली होती. गेल्याच आठवड्यात जावयाचा फोन आला होता, बिचारा घाबरलेला, तेव्हाही त्याने छाती पुढे काढून सांगितलं होतं की हे गुण आईकडून मुलीकडे उतरतात, आपला सगळा जन्म यातच गेलाय, काळजी सोड. आणि आता ही बाई पाठमोरी उभी राहून बावीस म्हणत होती. "काय बावीस?" मुलीने विचारलं. "तास," बायको म्हणाली. मुलगी आधी हसली, मग हसायची थांबली. "पण बाबा तर दोन म्हणतात." बायकोने कप फळीवर पालथा ठेवला. "मग बाबांना विचार." पावाला लोणी लावायची सुरी त्याच्या हातात तशीच राहिली होती. मुलगी त्याच्याकडे बघत होती आणि तिचा हात पोटावर गेला होता. तो म्हणाला, "आईची काहीतरी गल्लत होतेय." बायकोने त्यावर वळूनही पाहिलं नाही.

बसमध्ये खिडकीपाशी जागा मिळाली तरी त्याचं बाहेर लक्ष नव्हतं. सबंध रस्ता तो त्या एका आकड्याला उलटासुलटा करून बघत होता. माणूस खोटं बोलतो तेव्हा गोल आकडा सांगतो, वीस म्हणतो, पंचवीस म्हणतो. बावीस हा मोजलेला आकडा होता, आणि हेच त्याला खटकत होतं. पण मोजलेला असेल तर एकतीस वर्षं ती गप्प का बसली? आणि आजच का बोलली? पोरीला घाबरवायला? छे, ती तसली नाही. मग त्याला खोटं पाडायला? पोरीसमोर? त्याने तिचा आवाज पुन्हा आठवून पाहिला. रागाचा नव्हता. दुखावलेलाही नव्हता. दुधाचा हिशेब सांगतानाचा तिचा जो आवाज असतो, तोच होता, आणि म्हणूनच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली. तिच्याशी संसार करता करता तिच्या रागाचे पाचसहा प्रकार त्याला ओळखू यायला लागले होते. पण हा आवाज कुठल्या कप्प्यात टाकावा ते त्याला कळेना. त्या दिवशी तो गावात नव्हता, हे खरं. नोकरी नवी, फिरती जोरात. दोन दिवसांच्या अंतरावरच्या एका गोठ्यात तो वासरांची वजनं घेत होता. तारखेला अजून तीन आठवडे होते, तिला लवकर कळा सुरू होतील असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. गोठ्याच्या व्यवस्थापकाच्या टेबलावर फोन आला होता, मेहुण्याचा: मुलगी झाली, दोघी ठीक, दोन तासांत सुटली, त्रास नाही. त्याने ते तिथल्या तिथे आपल्या वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं. घरी पोचायला तीन दिवस लागले. ती भिंतीकडे तोंड करून निजली होती. त्याने वाकून विचारलं होतं, "त्रास नाही ना झाला?" आणि ती म्हणाली होती, "नाही." हे त्याला स्वच्छ आठवत होतं. तिच्या तोंडचा शब्द होता. आता तो शब्द फिरवायचा म्हणजे काय?

ऑफिसात त्याला मागे सगळे गाळणी म्हणत. तोंडावर साहेब, मागे गाळणी, कारण खोटा आकडा त्याच्यातून पुढे जात नसे. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. गायींच्या पैदास केंद्राचं हे मुख्य कार्यालय होतं. दूरदूरच्या गोठ्यांवरून इथे कार्डं येत. एक वेत, म्हणजे गायीचं एक बाळंतपण, एक कार्ड. विशेषतः कालवडींची, म्हणजे पहिल्यांदाच विणाऱ्यांची. गाय एकदा व्याली की तिचं अंग वाट शिकतं. पहिलारू कालवडीचं तसं नसतं. ती स्वतःच अर्धी वाढीची असते, कमरेचं हाड अरुंद, आणि पोटात मोठ्या हाडाच्या वळूचं वासरू असेल तर ती अडते. वासराची पुढची खुरं बाहेर येतात, नाक येतं, आणि मग सगळं थांबतं. म्हणून कालवडींना कुठला वळू लावायचा याची यादी फार जपून करावी लागते, आणि त्या यादीवर शेवटची सही त्याची असे. कार्डावर सगळ्यांत महत्त्वाचा रकाना मदतीचा. वासरू कुणीच ओढलं नाही तर शून्य. एका माणसाने ओढलं तर एक, दोघांतिघांनी तर दोन, यंत्र लावावं लागलं तर तीन, पोट फाडावं लागलं तर चार. जितके शून्य जास्त तितका वळू कालवडींना सोपा. हा रकाना त्यानेच बसवला होता, वीस वर्षांपूर्वी. त्याआधी गुरांचे डॉक्टर कार्डावर निबंध लिहीत: 'थोडी अडली', 'बरीच अडली', 'देवाची कृपा'. देवाची कृपा कशाने मोजायची? त्याने आकडा आणला. खाली शेऱ्याची ओळ राहिली, पण संगणकात ती भरायची नाही असा हुकूम काढला. शेरा म्हणजे गप्पा, असं त्याचं मत होतं.

आज चार वाजता बैठक होती आणि चारशे बारा नंबरचा वळू यादीत घ्यायचा होता. त्याच्यापासून पंधरा कालवडी व्यालेल्या. चार निरनिराळ्या गोठ्यांतल्या, त्यांचे आकडे दोन, दोन, तीन, एक. उरलेल्या अकरा एकाच गोठ्यातल्या, एकाच डॉक्टरबाईच्या हातच्या, आणि अकराच्या अकरा शून्य. सरासरी काढली की वळू सोन्यासारखा दिसत होता. पण त्या अकरा वासरांची वजनं चव्वेचाळीस, शेहेचाळीस, त्रेचाळीस किलो होती. एवढं धूड त्या चिमूट कंबरेतून कुणी हात न लावता बाहेर येतं, अकरा वेळा, एकदाही न चुकता? कुठेतरी पाणी मुरत होतं. त्यात हा वळू जन्मला होता त्याच गोठ्यात. गोठ्याचा व्यवस्थापक त्याचा फोटो खिशात घेऊन फिरतो असं तो ऐकून होता. बाईवर दबाव असेल, किंवा बाई आळशी असेल. न बघताच शून्य ठोकत असेल. त्याने तिला पत्र घालून बोलावून घेतलं होतं. अकराला, सगळी कार्डं घेऊन, असं बजावून.

ती साडेदहालाच येऊन बाकावर बसली होती. तिशी उलटलेली, उन्हाने करपलेली, मांडीवर पिशवी. हाताची कातडी पाण्यात फार वेळ राहिलेल्या माणसाची असते तशी, नखांपाशी फुटलेली. त्याने तिला बसा म्हटलं, चहा सांगितला नाही. चहा दिला की माणूस सैल होतो आणि मग नीट खोटं बोलतो, असा त्याचा अनुभव होता.

"डॉक्टरबाई, हे अकरा शून्य. तुम्ही स्वतः लिहिलेत?"

"हो."

"स्वतः पाहून?"

"पाहून."

"म्हणजे वासरू बाहेर येताना तुम्ही हजर होता?"

"नाही."

तो खुर्चीत मागे टेकला. इतक्या लवकर कबुली मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि आता त्याला त्या कबुलीचाच संशय यायला लागला. "मग शून्य कशावरून लिहिलंत?"

"कुणी ओढलं तर आकडा लिहायचा, असं तुमचं पत्रक आहे. कुणी ओढलं नाही." ती त्याच्या टेबलावरच्या काचेकडे बघत होती. "कुणी नव्हतंच, साहेब."

"कुणी नव्हतं म्हणजे?"

"कालवडींचा वाडगा, त्यांची कुंपण घातलेली जागा, गोठ्यापासून लांब आहे, रस्त्यापलीकडे. माणसं सगळी दुभत्या गायींकडे. दूध देत नाही तोवर तिच्याकडे कोण बघतंय? सकाळी एक चक्कर, संध्याकाळी एक. मधल्या वेळात ज्या विणार त्या आपल्या आपण विणार. पूर्वी एक बाई असायची तिथे, राहायलाच. तिला काढून दुधाकडे लावली. माझ्याकडे सहा गोठे आहेत, मला फोन येतो तो सगळं झाल्यावर."

"आणि वासरं?"

"त्यातली सात मेलेली."

"सात! ते कार्डावर कुठे आहे?"

"मेलेल्या वासराचं वजन कार्डात जातं, पण त्याला नंबर पडत नाही. नंबर नाही म्हणून ते मेल्याचं लिहायला तुमच्या कार्डात जागा नाही. ते आरोग्य विभागाच्या कागदात जातं." मग पहिल्यांदा तिने वर पाहिलं. "शेऱ्यात लिहिलंय की मी सगळं. तुम्ही शेरा वाचला नाहीत का?"

शेरे आम्ही भरत नाही, असं तो म्हणाला. म्हणताना त्याला आपला आवाज कुणा भलत्याच माणसाचा वाटला. तिने पिशवीतून कार्डांच्या कार्बन प्रती काढल्या, पण त्याने हात वर केला. इतकी वर्षं नोकरी उगाच नव्हती झाली. प्रत ती आज सकाळी बसमध्ये बसूनही लिहू शकली असती. त्याने संगणकात कार्डं भरणाऱ्या मुलीला हाक मारली आणि तळघरातून मूळ गठ्ठा आणायला सांगितला. बाहेर कुणीतरी कागद कापायचं यंत्र चालवत होतं. बाईच्या कपाळावर घाम नव्हता, हात हलत नव्हते, ती वाट बघण्यात मुरलेली दिसत होती. मग सुतळीने बांधलेला धुळकट गठ्ठा आला. त्याने सुतळी सोडली, एकेक कार्ड ओढून वेगळं ठेवलं आणि खालची ओळ वाचू लागला. बारीक, घाईचं, पण सरळ अक्षर. 'सकाळी सातला पाहिली. वासरू मागे पडलेलं, थंड. कालवड आडवी.' पुढचं: 'मागचे पाय आधी. बराच वेळ झाला असावा, जमीन खुरांनी उकरलेली.' पुढचं: 'वासरू जिवंत. जीभ सुजलेली. कालवड उठत नाही.' पुढचं: 'मदत शून्य. वेळेवर पोचले असते तर तीन लिहिलं असतं.' सातव्या कार्डावर एवढंच होतं: 'हे कुणी वाचतं का?' तारीख सव्वा वर्षापूर्वीची. त्याने ते कार्ड उलटं करून मागे पाहिलं, पुन्हा सुलटं केलं. शाई जुनी होती. बनावट नव्हती. बनावट असती तर किती बरं झालं असतं असं त्याच्या मनात येऊन गेलं, आणि ते मनात आल्याची त्याला शरम वाटली.

"मग वर का नाही कळवलंत?" त्याने विचारलं. प्रश्नातला उरलासुरला जोर त्यालाच पोकळ वाटला. ती म्हणाली, "कळवलं होतं. वाडग्यावर कायमचं एक माणूस द्या म्हणून. दोनदा." आणि पिशवीतून तिने एक पत्र काढून काचेवर ठेवलं. ते त्याच्याच कार्यालयाचं उत्तर होतं. चार ओळी. 'आपल्या गोठ्यातील कालवडींची वेते सुलभ असल्याचे आकडेवारीवरून दिसते. सबब अतिरिक्त मनुष्यबळाची आवश्यकता दिसून येत नाही.' खाली सही. वळणदार, जरा तोऱ्याची, शेवटी एक अनावश्यक रेघ असलेली. ती सही त्याची होती. त्याला ते पत्र आठवत नव्हतं. दिवसाला अशी वीस पत्रं तो करत असे. तिने शून्य लिहिलं म्हणून तिला माणूस मिळालं नाही, आणि माणूस मिळालं नाही म्हणून तिला पुढचं शून्य लिहावं लागलं, आणि हे चाक त्याने स्वतःच्या हाताने, स्वच्छ मनाने, तेल घालून फिरवत ठेवलं होतं. गाळणी म्हणे! गाळणीत वर काय राहिलं ते त्याने कधी बघितलंच नव्हतं. चहा सांगू का, असं त्याने विचारलं. ती नको म्हणाली, तिची बस होती. दारापाशी थांबून तिने विचारलं, "वळू यादीत जाणार का?" "बघतो," तो म्हणाला. तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की हा शब्द तिने पुष्कळ साहेबांच्या तोंडून ऐकला आहे.

जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता तो जिन्याखाली गेला आणि त्याने मेहुण्याला फोन लावला. सरळ विचारायचं त्याच्या जिवावर आलं. म्हणून आधी गुडघ्याची चौकशी केली, मग हवा, मग हळूच गाडी वळवली. पोरीचे दिवस भरत आलेत, डॉक्टर घरातला इतिहास विचारतात, तेव्हा तो आकडा जरा पक्का हवा होता. "दोन तासच ना?" मेहुणा मोठा हसरा माणूस, फोनवरही पान खाल्ल्यासारखा तोंड भरून बोलणारा. "दोनच की! मी दवाखान्यात नेली तिथून दोन तास. घड्याळच बघत होतो मी." आणि त्याआधी? "त्याआधीचं मला काय ठाऊक, मेहुणे? मी तर सहज डोकावलो होतो. दार आतून लावलेलं, किती वेळ उघडेना. उघडलं तेव्हा जमिनीवर बसूनच उघडलंन. सरपटत आली असेल. आदल्या दिवसापासून चाललं होतं म्हणाली, नक्की आठवत नाही बुवा. शेजारी कुलूप होतं, फोन घरात नव्हता. पण सुटली ना सुखरूप! बहीण खंबीर आहे हो आमची." तो हो हो म्हणाला. फोन ठेवल्यावर बराच वेळ तो जिन्याच्या खालच्या पायरीवर बसून राहिला. येणारेजाणारे त्याला वळसा घालून जात होते. दोन तास खोटे नव्हते. मोजणारा पोचला तिथून पुढचे दोन तास होते ते. आदले वीस कुणाच्याच घड्याळात नव्हते, म्हणून ते झालेच नाहीत असं त्याने धरलं होतं, आणि वर एकतीस वर्षं चारचौघांत त्याची बढाई मारली होती. तिच्या देखत. ती तेव्हा काय करत असे? तो आठवू लागला. पाहुण्यांना पाणी देत असे. पेले गोळा करत असे. एकदा ती उठून आत गेली होती आणि बराच वेळ बाहेर आली नव्हती, पण तेव्हा भाजी लागली होती असं तिने सांगितलं होतं. भाजी खरंच लागली होती का? त्याला वास आठवेना.

बैठकीत संचालक, दोन विभागप्रमुख आणि तो. लांब टेबल, चौघांपुढे चार पाण्याचे पेले. चारशे बाराची फाइल आली तेव्हा संचालकांनी पेनाचं टोपण काढूनच ठेवलं होतं. तो म्हणाला, "हा वळू कालवडींना लावता येणार नाही." का, असं विचारल्यावर त्याने शेरे वाचून दाखवले. तीनच वाचले आणि चौथं कार्ड तसंच संचालकांपुढे सरकवलं. एक विभागप्रमुख छताकडे बघत होता. संचालक शांतपणे म्हणाले, "शेरे धरायचे नाहीत हा नियम तुमचाच ना?" हो, तो म्हणाला. "मग आज शेऱ्यावरून एक वळू थांबवला, तर वीस वर्षांत शून्यांवरून पास केलेल्या बाकीच्यांचं काय? बावन्न आहेत ते. सगळ्यांवर तुमची सही आहे." तो म्हणाला, "तेही तपासावे लागतील. मूळ कार्डांवरून." मग संचालक टेबलावरून जरासे पुढे झुकले आणि घरच्या माणसासारखे म्हणाले, "अहो, वर्ष राहिलंय तुमचं. सुखाने जा ना." तो म्हणाला, "सही करणार नाही." हे वाक्य त्याने आयुष्यात पहिल्यांदा उच्चारलं होतं. संचालकांनी पेनाला टोपण लावलं. फाइलवर 'प्रलंबित' असा शिक्का पडला, वाडग्यावर तात्पुरतं एक माणूस द्यायचं ठरलं, आणि मूळ कार्डं तपासायचं काम, अर्थातच, त्याच्याच गळ्यात आलं.

घरी येताना तो बसने आला नाही, चालत आला. आपलं नाव खराब होणार हे त्याला दिसत होतं, तरी अंग हलकं झालं होतं. चूक केली ती केली, पण कबूल केली, भर बैठकीत केली, कितीजण करतात? बायकोला हे सगळं सांगायचं असं त्याने ठरवलं होतं, सकाळपासूनचं, क्रमाने. म्हणजे तिला आपोआप कळेल. बावीस तासांचं वेगळं बोलायची गरजच पडणार नाही. हे असं आडवाटेने माफी उरकणं बरोबर आहे का, अशी एक बारीक शंका त्याच्या मनात डोकावली, पण दिवसभर शंकांनी त्याला इतकं पिळून काढलं होतं की तिला त्याने दारातूनच परत पाठवलं.

बायको स्वयंपाकघरात टेबलाशी बसून शेंगा सोलत होती. त्याने बूट काढले, हात धुतले, समोर बसला आणि सांगू लागला. अकरा शून्यं, डॉक्टरबाई, तळघरातला गठ्ठा, पत्रावरची आपलीच सही. स्वतःला त्याने कुठेही झाकलं नाही. उलट दोन ठिकाणी जरा जास्तच उघडं केलं. बैठकीचं सांगताना त्याचा आवाज चढला. "मी म्हटलं, सही करणार नाही. सरळ तोंडावर." बायकोच्या हातातली शेंग सोलून झाली, तिने दाणे भांड्यात टाकले. "बरं केलंत," ती म्हणाली. तो वाट बघत राहिला. मग तिने विचारलं, "त्या कालवडींचं काय झालं?"

"कुठल्या?"

"त्याच. अकरा."

सकाळपासून त्या अकरा कालवडी त्याच्या टेबलावर होत्या. त्यांचे नंबर त्याला पाठ होते, त्यांच्या वासरांची वजनं पाठ होती. सात वासरं मेली हे त्याने विचारून घेतलं होतं, कारण ते कार्डावर नव्हतं. पण ज्या उठत नव्हत्या त्या उठल्या का? ज्या आडव्या पडल्या होत्या त्यांचं काय केलं? बाई समोर बसली होती, तासभर, आणि त्याने ते विचारलंच नव्हतं. "माहीत नाही," तो म्हणाला.

"हं," बायको म्हणाली. तिने नवी शेंग घेतली. "दादाचा फोन आला होता दुपारी. तुम्ही चौकशी केलीत म्हणाला. किती वाजता नेली, कधी सुटली."

त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "ते... जरा पक्कं करावं म्हणून."

"मला नाही विचारलंत."

"तू नाही म्हणाली होतीस तेव्हा! मी आलो, मी विचारलं, त्रास नाही ना झाला, तू नाही म्हणालीस. मला आठवतंय."

"असं विचारल्यावर दुसरं काय म्हणतं माणूस?" तिच्या आवाजात अजूनही राग नव्हता. असता तर त्याला धरायला काहीतरी मिळालं असतं. "तुम्ही हातात वही घेऊनच आला होतात. लिहून झालं होतं तुमचं."

"मग आता सांग," तो म्हणाला. "सांग ना. मी ऐकतो. बावीसच्या बावीस तास सांग."

तिने त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ, एखादा ओळखीचा माणूस उसनं मागायला आला की बघतात तसं. मग तिने भांडं बाजूला सारलं. "आधी त्यांचं विचारा," ती म्हणाली. "माझं मग बघू."

त्याने फोन लावला. तिकडे अजून बसचा खडखड आवाज होता. डॉक्टरबाईने "हां साहेब" म्हटलं ते सावधपणे, पायरी अंधारात चाचपावी तसं. बैठकीचं कळलं म्हणाली, माणूस देताहेत तेही कळलं, आभारी आहे. तो म्हणाला, त्यासाठी फोन नाही केला. "त्या अकरा कालवडी. त्यांचं पुढे काय झालं?"

मग ती म्हणाली, "कुठे भरायचंय का, साहेब?"

"नाही."

"चौकशी लागलीय का कुणाची? माझी?"

"नाही, नाही. कुणाची नाही."

"मग आता कशाला?"

कारण सरकारी नव्हतं, घरगुतीही नव्हतं. तो म्हणाला, "सकाळी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. म्हणून."

तिचा विश्वास बसला की नाही ते त्याला कळलं नाही. बहुधा नसावा. पण थोड्या वेळाने तिने घसा साफ केला. "दोन मेल्या," ती म्हणाली. "त्यांच्यापासून सांगते. मध्ये थांबवू नका, मला मग सांगता येणार नाही."

"नाही थांबवत," तो म्हणाला.

"स्पीकर लावा," बायको म्हणाली. "मला ऐकायचंय."

त्याने फोन दोघांच्या मध्ये, शेंगांच्या सालांशेजारी ठेवला आणि हात मांडीवर घेऊन बसला.